पसंतीचं हत्यार

बाळी वेशीत गुरुबसप्पांच्या घरी नारळ फुटल्याचा आवाज आला की दोन बायका हातातलं काम टाकून स्वयंपाकघराकडे निघायच्या. थोरली निघायची ती करवंटी बंबात घालायला आणि धाकटी निघायची ती बंबापासून वाचवायला. खोबऱ्यावरून कुरबुरणारी घरं सोलापुरात हवी तेवढी सापडतील. करवंटीवरून भांडणारं हे एकच असावं.

थोरली म्हणजे निंगव्वा, गुरुबसप्पांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर अक्कलकोटाकडचं घर पुतण्यांच्या हवाली करून ती भावाकडे आली आणि आल्या दिवसापासून न्हाणीघरातला बंब तिच्या ताब्यात गेला. पहाटे पाणी तापवणं तिच्याकडे आणि त्या पाण्यानं कुणी किती वेळ आंघोळ करायची हे ठरवणंही तिच्याकडेच. करवंटी जळते छान, धूर कमी, आच जास्त. तेव्हा तिचा हक्क तसा खोटा नव्हता. धाकटी म्हणजे दाक्षायणी, गुरुबसप्पांची बायको. पंचेचाळिशीची, अंगानं आटोपशीर आणि आवाजानं त्याहून आटोपशीर. घरच्यांनी तिच्या नावावर ‘शांत स्वभाव’ असं कधीचंच मांडून ठेवलं होतं आणि ती नोंद पुन्हा तपासायची कुणाला गरज वाटली नव्हती.

मुलगी वैरागला दिली, मुलगा पुण्याला शिकायला गेला, आणि दाक्षायणीच्या दुपारा एकदम मोठ्या झाल्या. अशाच एका दुपारी तिनं फुटक्या बांगडीच्या काचेनं एक करवंटी खरवडायला घेतली. वरच्या शेंड्या गेल्या, खालून चॉकलेटी अंग निघालं, तेलाचा हात दिल्यावर ते शिसवीसारखं चमकलं. मग तिनं दाभण चुलीत लाल करून त्यात भोकं पाडली. भोकाला भोक जोडत बेलाचं पान केलं. अशी जाळी झालेली करवंटी पणतीवर पालथी धरली तेव्हा समोरच्या भिंतीवर बेलाची पानं हलायला लागली. दाक्षायणी ती पानं बघत बसली आणि भाजी करपली.

त्या दिवसापासून घरात एक प्रश्न मुक्कामाला आला: कशासाठी?

विकायचं नव्हतं. कुणाला द्यायचं म्हणावं तर करवंटी कुणी आहेरात घेत नाही. देवापुढे ठेवावं तर निंगव्वाच्या मते नारळाचं आतलं देवाचं, बाहेरचं बंबाचं. गुरुबसप्पांचा मार्केट यार्डात भुसाराचा आडत-धंदा. जमेच्या बाजूला ज्याचं काही येत नाही त्याला ते खर्च म्हणत, आणि बायकोच्या दुपारा ते गंमतीनं त्याच रकान्यात धरत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या जगात जिनसा दोनच तऱ्हेच्या होत्या, हातात घेतल्यावर जड लागणाऱ्या आणि हलक्या. तूर असो, ज्वारी असो, जावई असो, जड ते चांगलं.

दाक्षायणीची अडचण वेगळी होती. तापलेलं दाभण भोक पाडतं, पण भोकाची कड जळते. दोन भोकांमधली पट्टी कोळशासारखी होते आणि कानशीनं घासायला गेलं की तुटते. महिनाभर बसून केलेली जाळी शेवटच्या फुलाला मोडली की ती तुकडे निमूट गोळा करायची. त्या रात्री भाकरी मात्र जाड व्हायच्या.

मग तिच्या गळ्यातल्या चांदीच्या करडीचं, इष्टलिंग ठेवायच्या डबीचं, कडं सुटलं. शेजारच्या सोनाराकडे बसली असताना तिनं पाहिलं, त्यानं पेनासारखी मूठ हातात धरली, मुठीच्या टोकाला सुईएवढं पातं गरगर फिरलं आणि चांदीत भोक पडलं. ना जाळ, ना ठोका. दाक्षायणीनं ती मूठ मागून हातात घेतली. सोनाराला वाटलं, बाई करडी नीट झाली का बघताहेत. बाई करडीकडे बघतच नव्हत्या.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं, “मला एक फिरणारं हत्यार पायजे. बारीक कामाचं.”

गुरुबसप्पांचा घास थांबला. बायकोनं आजवर ‘घरात अमुक संपलंय’ असं सांगितलं होतं. ‘मला पायजे’ हे वाक्य त्यांच्या घरात नवीन होतं. पण त्या हंगामात तुरीनं हात दिला होता, पोटात पुरण होतं. ते म्हणाले, “आणतो की. त्यात काय.”

आणि आणलं. दुसऱ्या संध्याकाळी ते मधल्या मारुतीजवळच्या मानसिंगशेठच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून एक खोकं घेऊन आले. आत भिंतीला भोकं पाडायचं विजेचं ड्रिल मशीन होतं. पिस्तुलासारखी मूठ, वर लोखंडाची भरगच्च मोटर. दाक्षायणीनं ते उचललं तर तिचं मनगट खाली गेलं.

“दोन होती,” गुरुबसप्पा खुशीत म्हणाले. “दोन हातात दोन घेऊन बघितली. हे जड. मानसिंगशेठ म्हणाला, ‘अप्पा, नजर हाय तुमची.’”

“करवंटीसाठी म्हणून सांगितलंत का त्यांना?”

“करवंटीसाठी म्हणून सांगू? बाजारात बसायचंय मला.”

दाक्षायणीनं एक बरी करवंटी निवडली, पोत्यावर ठेवली, गुडघ्यानं दाबली. निंगव्वा दारात येऊन उभी राहिली. खटका दाबला तसा घरात गिरणी चालू झाल्यासारखा आवाज झाला, करवंटीनं गुडघ्याखालून उडी मारली आणि तिचे तीन तुकडे तीन कोपऱ्यांत गेले.

निंगव्वानं ते तिन्ही गोळा केले. “बारीक काम झालं बघ,” ती म्हणाली आणि बंबाकडे गेली.

“मशीन एक नंबर हाय,” गुरुबसप्पा म्हणाले. “करवंटीच कच्ची.”

“मशीन भिंतीचं हाय. हे परत द्या. आन मानसिंगशेठना सांगा, बारीक कामाच्या दोन-चार तऱ्हा घरी पसंतीला पाठवा.”

आता हे ‘पसंतीला’ काय ते सांगायला हवं. त्यांच्यासारख्या व्यापारी घरातल्या बायका लुगडी घ्यायला पेठेत जात नसत. चाटी गल्लीतला दुकानदार नोकराबरोबर गठ्ठा घरी पाठवायचा, बायका सोप्यात बसून उलटंसुलटं करायच्या, पदर अंगावर टाकून बघायच्या, एक ठेवून बाकीची परत जायची. बांगड्यांचं तसंच, भांड्यांचंही तसंच. म्हणजे निवड बायकांची, पण उंबऱ्याच्या आत. दाक्षायणीनं मागितलं ते त्या रीतीला धरूनच होतं. फक्त या रीतीत आजवर लोखंड आलं नव्हतं.

गुरुबसप्पांना हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मानसिंगशेठना सांगितलं, तर मानसिंगशेठना त्याहून जास्त हसू आलं. रात्री गुरुबसप्पा परत आले ते खोकं काखोटीला मारूनच.

“शेठ म्हणाला, लुगडं अंगाला लावून बघतात, मशीन काय वैनी अंगाला लावून बघणार? विकलेला माल तो परत घेत न्हाय, पाटीच हाय दुकानात. आता ऐक माझं. हेच वापर. ह्यानं होत नसंल तर करवंट्या बंद कर. रोज रोज अक्काबरोबर कटकट, वर बाजारात माझी थट्टा. संपलं.”

“संपलं,” निंगव्वा आतून म्हणाली. करवंट्यांची टोपली कुठं असते ते तिला ठाऊक होतं.

दाक्षायणी चुलीकडे वळली. भाकरी त्या रात्री जाड झाल्या नाहीत, उलट पापडासारख्या पातळ झाल्या. गुरुबसप्पांना वाटलं, राग गेला. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी बाजारातला प्रत्येक दाणा पारखला होता, भाकरी तेवढी पारखायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते यार्डात गेल्यावर दाक्षायणीनं धड लुगडं नेसलं, विभूती लावली, एका हातात ड्रिलची पिशवी घेतली, दुसऱ्या हातात करवंट्यांची टोपली, आणि उंबरा ओलांडला.

“कुटं चाललीस?” निंगव्वानं विचारलं.

“पसंतीला.”

मधल्या मारुतीजवळ सकाळची वेळ म्हणजे सायकलींना हातगाड्या आणि हातगाड्यांना टांगे अडलेले. मानसिंगशेठ दुकानात गादीवर बसून खिळे तोलत होते. त्यांचे वाडवडील उत्तरेकडच्या कुठल्या मुलखातून आले ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. बोलणं अस्सल सोलापुरी. टोपली घेतलेली बाई पायरी चढताना पाहून ते आधी म्हणाले, “पुढं जा,” आणि मग ओळख पटून गादीवरून निम्मे उठले.

“वैनी! तुमी कशाला आलात? अप्पांकडं निरोप द्यायचा.”

“निरोप दिलावता. तुमी हसलात म्हणं.”

मानसिंगशेठनं डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. खाली तेच हिंदीत, त्याखाली तेच तेलुगूत. तिन्ही भाषांत नाही म्हणायची सोय होती.

“परत द्यायला न्हाय आले,” दाक्षायणी म्हणाली. “पसंतीला आले. तुमी माल घरी पाठवीना, म्हणून मी घर हितं आणलं.” तिनं टोपली ठेवली, गादीच्या कडेला बसली आणि करवंट्या एकेक करून ओळीनं मांडल्या. “दाखवा. बारीक कामाचं फिरणारं काय काय हाय?”

गिऱ्हाईक म्हणून बाई, तीही आडत्याची बायको, तीही करवंट्या मांडून बसलेली. कुलूप घ्यायला आलेला माणूस कुलूप विसरला. रस्त्यावरचे दोघं पायरीवर आले. मानसिंगशेठनं मनातल्या मनात पटकन हिशोब केला: हाकलावं तर गुरुबसप्पांशी संबंध तुटणार, बसू द्यावं तर गर्दी वाढणार, आणि गर्दीतला निम्मा तरी माणूस जाताना खिळे नेणार. ते उठले आणि आतून नवीन डबा घेऊन आले.

“हे बघा वैनी. मुंबईचा माल. सोनार लोक हेच घेतात.”

खुंटीला टांगायची छोटी मोटर होती. तिला सापासारखी लवचीक नळी, नळीच्या टोकाला पेनाएवढी मूठ. जमिनीवर पायाचा एक खटका, दाबला की चालू, सोडला की बंद. दाक्षायणीनं करवंटीवर खडूनं पान काढलं, मूठ धरली, खटका दाबला. सुंईऽ असा आवाज झाला आणि भोक पडलं. स्वच्छ, गोल, कडेला डाग नाही.

“काय बे!” पायरीवरचा एक जण म्हणाला. “लोण्यात गेल्यागत गेलं.”

दाक्षायणीनं दुसरं भोक पाडलं, तिसरं पाडलं. तिन्ही चांगली. मग पानाच्या कडेनं टोक फिरवायला गेली तशी मूठ हातात वळली आणि चमकत्या अंगावर एक लांब ओरखडा काढून गेली. तिनं ओरखड्यावर अंगठा फिरवला. पुन्हा करून बघितलं. या वेळी ओरखडा आला नाही, पान छान वळलं. गर्दीनं ‘वा’ म्हटलं.

“बांधू का?” मानसिंगशेठनं विचारलं.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. “पण मला नको.”

“का? काय खोट हाय?”

“खोट कुटं म्हणतीय मी? ते पळतंय आन मी त्याच्या मागनं पळतीय. भोक पडल्यावर मला कळतंय की पडलं. हे सोनाराला द्या.”

“वैनी, सगळं जग हेच मागतंय.”

“मग तुमाला गिऱ्हाईकाची काळजी न्हाय.” तिची नजर दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेली होती. तिथं सायकलच्या गंजक्या रिंगांमागे एक लोखंडी खांब उभा होता, खाली चाक, चाकाला पायानं दाबायचा पावठा, वर बगळ्याच्या मानेसारखा मोडलेला हात. “ते काय?”

मानसिंगशेठ हसायला लागले. “ते भंगार हाय हो. टिळक चौकातल्या जुन्या दाताच्या डॉक्टरचं. पायानं चाक फिरवायचं आन हातानं दात कोरायचा. त्यानं विजेचं घेतलं, हे मोडीत दिलं. तोडून विकायचं ठेवलंय, मुहूर्त लागंना.”

“बाहेर काढा.”

“धूळ हाय—”

“माझं लुगडं मी धुते. काढा.”

नोकरानं ते रिंगांतून सोडवून आणलं. वरच्या हातावरून चाकापर्यंत जाणारी दोरी कुजली होती. मानसिंगशेठनं नाइलाजानं सुताची पिळदार दोरी बांधून दिली. मुठीला टोक बसवलं. दाक्षायणीला पायाच्या शिलाई मशीनची जुनी सवय होती, तिनं आत्मविश्वासानं पावठ्यावर पाय ठेवला, आणि चाक उलटं फिरून दोरी निसटली. पायरीवर हशा झाला. दोरी चढवली. पुन्हा उलटं. तिसऱ्यांदा तिनं चाकाला हातानं सुरुवात करून दिली आणि मग पायाला लय सापडली. खडक्-खडक् करत टोक फिरू लागलं, इतकं सावकाश की त्याचे दात दिसत होते.

भोक पडायला वेळ लागला. भुगा मऊ पिठासारखा निघत होता. दाक्षायणीनं पाय हलका केला, टोक हलकं झालं; पाय जड केला, टोक जोरात गेलं. दोन भोकं झाली. तिसऱ्याला ती पट्टीच्या अगदी जवळ गेली आणि कट्कन करवंटी चिरली.

“गेली!” कुलूपवाला म्हणाला.

तिनं दुसरी घेतली. तीही चिरली, पण उशिरा.

नेमके त्याच वेळी गुरुबसप्पा गर्दीतून वाट काढत आले. यार्डात त्यांना हमालानं सांगितलं होतं, ‘अप्पा, वैनी मधल्या मारुतीपाशी करवंट्या घेऊन बसल्यात.’ एवढ्याशा वाक्यातून माणसाच्या डोळ्यांपुढे जे काय उभं राहतं ते सगळं त्यांच्या तोंडावर होतं. पुढची हकीकत पायरीवरच्यांनी त्यांना वाट देता देता सांगून टाकली. ते तिच्याजवळ वाकून कुजबुजले, “काय करायलीस? लोक बघायलेत.”

“बघू दे की. तुमी दाणा दाताखाली धरून बघता तवा लोक बघत न्हाईत?”

“ऊठ आधी. शेठ, ते मुंबईचं बांधा. ज्यानं एवढी चांगली भोकं पाडली ते सोडून हे काय घ्यायचं? ह्यानं दोन मोडल्या तुझ्या!”

“ह्यानं न्हाय मोडल्या. मी मोडल्या.”

“तेच ते.”

“तेच कसं? तुमच्या त्या पिस्तुलानं मोडली तवा मला काय कळलंच न्हाय. त्या मुंबईच्यानं पाडली तरी मला कळलं न्हाय. हितं हात पुढं गेला आन पाय थांबला न्हाय, म्हणून मोडली. उद्या थांबंल.”

“आन न्हाय थांबला तर?”

“तर परवा थांबंल. करवंट्यांचा दुष्काळ न्हाय आपल्या घरी.”

गुरुबसप्पा सरळ उभे राहिले. गर्दी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी व्यापाऱ्याची शेवटची युक्ती काढली, दोघांनाही खूष करणारी. “असं करा शेठ, दोन्ही पाठवा. माझ्याकडनं तुला दोन्ही. झालं?”

“न्हाय,” दाक्षायणी म्हणाली. तिचा आवाज अजून आटोपशीरच होता, फक्त आता तो पायरीपर्यंत ऐकू जात होता. “दोन नेली की घरात एकच राहील, तुमच्या पसंतीचं. हे मागं गोठ्यात जाईल. मला हे एकच पायजे. आन हे पिस्तूल शेठ परत घेतील.”

“वैनी, पाटी—”

“पाटी विकलेल्या मालाची हाय. ते मला कुणी ईकलं? मी पसंत केलंच न्हवतं.”

मानसिंगशेठनं पाटीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, गुरुबसप्पांकडे पाहिलं. गुरुबसप्पा छताला टांगलेल्या बादल्या बघत होते. कोपऱ्यातली अडगळ कायमची जाणार, ही एक जमेची बाजू मानसिंगशेठना दिसली. बाकीचं त्यांनी सोडून दिलं. “घ्या परत,” ते नोकराला म्हणाले. “आन त्या दोरीला राळ लावून दे, घसरणार न्हाय. टोकांची डबी पण देतो वैनी, डॉक्टरचीच हाय.”

“डबी ठेवा तुमालाच. टोकं मी सोनाराकडनं नवी घेईन. लोकांच्या दाढंत गेलेली नकोत मला.”

यंत्र हातगाडीवरून निघालं. वर पोतं टाकावं असं गुरुबसप्पांनी दोनदा सुचवलं. दाक्षायणी म्हणाली, “का? मढं हाय का?” आणि हातगाडीबरोबर, लोखंडी खांबाला हात लावून, उघड्या रस्त्यानं बाळी वेशीपर्यंत चालत आली. गुरुबसप्पा यार्डात काम आहे म्हणाले. त्या दिवशी यार्डात फार काम असावं, दिवेलागणीपर्यंत ते आले नाहीत.

ते नव्हते म्हणून निंगव्वाचा पहिला हल्ला तिला एकटीनंच झेलावा लागला. यंत्र कुणाचं, हे निंगव्वानं हातगाडी ओढणाऱ्या हमालाला विचारलं. त्यानं सांगून टाकलं. निंगव्वा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“दाताच्या डॉक्टरचं? शिव शिव शिव! सगळ्या गावाच्या तोंडातलं उष्टं! मटण खाणारे, ताडी पिणारे, कुणाकुणाच्या दाढंत घातलंय ते! लिंगवंताच्या घरात न्यायचं? हितंच ठेव. पाऊस पडू दे त्याच्यावर.”

“टोकं आणली न्हाईत अक्का. तोंडात टोक जातं, चाक जात न्हाय.”

“हात लागला न्हवं त्याचा? त्याच हातानं हे धरलं न्हवं? उष्टं ते उष्टं.”

दाक्षायणीनं हमालाला थांबायला सांगितलं. मग ती निंगव्वाकडे वळली. “अक्का, तुमचा सोन्याचा दात कुणी बसवला?”

निंगव्वाचं तोंड, नेमकं तो दात दिसेल इतकं, उघडं राहिलं.

“टिळक चौकातच न्हवं? मीच आलेवते बरोबर. खुर्चीजवळ हेच खडक्-खडक् वाजत होतं. तुमी माझा हात धरलावता, सोडंना. त्यावेळी तुमच्या तोंडात ते सगळ्या गावाचं उष्टं गेलं. घरी येऊन त्याच तोंडानं तुमी महामंगळारती म्हटली. देवाला चाललं. करवंटीला न्हाय चालणार?”

“ते… तो इलाज होता.”

“आन हे काम हाय. सरका.”

निंगव्वा सरकली. तिनं गोमूत्र आणून चाकावर शिंपडलं तेवढं, आणि दाक्षायणीनं ते शिंपडू दिलं. भांडणात समोरच्याला थोडी जागा ठेवावी लागते, नाहीतर तो तिथंच उभा राहतो. यंत्र माजघरात न नेता तिनं सोप्यात ठेवलं, खिडकीशी, जिथं उजेड होता आणि जिथं गुरुबसप्पांची बैठक होती.

पुढचे दिवस फार मानाचे गेले असं नाही. करवंट्या मोडत राहिल्या. एकदा टोक अंगठ्यात गेलं. एकदा दोरी तुटून कपाळावर बसली. मोडलेली प्रत्येक करवंटी निंगव्वा अगदी वेळेवर न्यायला यायची. पाणी त्या पंधरवड्यात कधी नव्हे इतकं कढत मिळालं. गुरुबसप्पा जेवताना विचारायचे, “आज किती?” दाक्षायणी सांगायची नाही. मुंबईचं घेतलं असतं तर एव्हाना फुलांची पूर्ण जाळी झाली असती, हे तिलाही कळत होतं. रात्री पाय दुखायचे तेव्हा ते जास्त कळायचं. सकाळी ती पुन्हा पावठ्यावर पाय ठेवायची.

मग हळूहळू मोडायचं कमी झालं. पट्टी कुठं पातळ होते ते पायाला आधी कळू लागलं, हाताला नंतर. जळकी कड गेली, पान पानासारखं दिसायला लागलं. या यंत्रावरची पहिली जाळी पूर्ण झाली ती जरा वाकडीच झाली, एका बाजूची फुलं मोठी, दुसऱ्या बाजूची लहान. तिनं ती सोप्यातल्या दिव्यावर चढवली आणि वाकडी म्हणून उतरवली नाही.

ती जाळी बघूनच एके दिवशी गोष्ट निघाली. बार्शीचे चनमल्लप्पा आणि करमाळ्याचे रामहरी, दोघं भुसारातलेच, संध्याकाळी बैठकीला आले होते. भिंतीवर फुलं, खिडकीशी दाताच्या डॉक्टरचं यंत्र, माणूस विचारणारच.

“हे काय काढलंय अप्पा?” चनमल्लप्पांनी विचारलं.

गुरुबसप्पांनी लोडाला पाठ टेकली. एवढ्या दिवसांत त्यांनी या खरेदीला बसेल असं कारण शोधून ठेवलं होतं. मालाला कारण असलं की तो खर्च राहत नाही, गुंतवणूक होते. “त्याचं असं हाय,” ते म्हणाले, “सध्या वीजकपात किती! दोन-दोन तास दिवे न्हाईत. विजेचं मशीन घेतलं तर ते ठेवायचं कुटं? मी म्हटलं, पायावरचंच बघू. वीज न्हाय, बिल न्हाय, मोटर जळायची भीती न्हाय. मोडीच्या भावात पक्कं लोखंड. नीट विचार करून—”

“बरोबर हाय,” रामहरी म्हणाले. “दूरवरचा विचार.”

दाक्षायणी चहा घेऊन आली होती. तिनं कप दोघांपुढे ठेवले, नवऱ्यापुढे ठेवला. हे असंच सोडून दिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. यंत्र घरात होतं, जाळी भिंतीवर होती, नवरा बाजू घेत होता. शेजारणींनी तर तिला नंतर सांगितलंही, की अशा वेळी हसून आत जायचं असतं.

“विजेसाठी न्हाय घेतलं,” ती म्हणाली.

गुरुबसप्पांनी कप उचलला होता, तो तसाच धरला. “म्हणजे, मुख्य विचार तोच—”

“तो विचार तुमचा हाय, आन आजचा हाय. दुकानात तुमी मुंबईचं बांधा म्हणत होता.” तिनं ते रागानं म्हटलं नाही. तुरीत खडे किती ते सांगावं तसं म्हटलं. “ते मुंबईचं चांगलं होतं. सोपं होतं. भोकं पण साफ पडत होती. वीज चोवीस तास असती तरी मी हेच घेतलं असतं. मला हे आवडलं म्हणून घेतलं.”

पाहुण्यांनी कप बशीत ठेवले. भाव, तोटा, वजन, नमुना, सगळ्यावर बोलता येणारी माणसं होती ती. चनमल्लप्पांनी समजुतीच्या सुरात विचारलं, “आवडलं म्हणजे, वैनी… काय बघून?”

“बघून न्हाय. चालवून.”

“पण कारण काय तरी असंल की.”

“आवडलं, हेच कारण. तुमाला आणखी पायजे असंल तर यांच्याकडं हाय, ते सांगतील.”

गुरुबसप्पांनी बायकोकडे पाहिलं. बाजारात असं सगळ्यांदेखत भाव पाडणाऱ्याशी ते पुन्हा व्यवहार करत नसत. इथं ती सोय नव्हती. त्यांनी चहाचा घोट घेतला, आणि तो गरम असल्यामुळे म्हणा किंवा आणखी कशामुळे म्हणा, त्यांच्या तोंडून हसू फुटलं.

“मला इचारू नका बे,” ते चनमल्लप्पांना म्हणाले. “मी जड ते आणलंवतं.”

दाक्षायणी आत गेली नाही. खिडकीशी गेली, पदर कमरेला खोचला, नवी करवंटी पोत्यावर ठेवली, चाकाला हातानं सुरुवात करून दिली. खडक्-खडक् सुरू झालं. रामहरींनी तुरीचा भाव काढला तो कुणाला ऐकू गेला नाही. त्यांनी तो पुन्हा, ओरडून सांगितला. गुरुबसप्पाही ओरडूनच उत्तर द्यायला लागले, आणि त्या संध्याकाळी बाळी वेशीतून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना, काही गरज नसताना, तुरीचा भाव कळला.